आठच्या आधीची घंटा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शनिवार वाचक कट्ट्याचे संस्थापक माननीय श्री. सुदेश म्हात्रे, प्रमुख पाहुण्या आणि आजच्या सत्कारमूर्तींना अक्षरशः पुन्हा पायावर उभं करणाऱ्या डॉ. रुचिता, सत्कारमूर्ती श्री. बाळ नवाथे, त्यांना घ्यायला घोडबंदर रोडहून आलेले त्यांचे चिरंजीव साकेत, शहाडहून दोन रिक्षा बदलून आलेल्या आमच्या रंगूबाई, आणि समस्त कट्टेकरी बंधुभगिनींनो. मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, तीन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत.

सुरुवातीलाच एक खुलासा करते, कारण मघापासून सगळ्यांचं लक्ष तिकडेच आहे. सत्कारमूर्तींच्या खुर्चीपाशी जी कापडी पिशवी आहे, तिच्यात अंबाडीची जुडी आहे. बाळसाहेब आज सत्काराला आलेलेच नाहीत. ते नेहमीसारखे शनिवारच्या वाचनाला आले, वाटेत भाजी घेतली, आणि दारात सुदेशरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. आज त्यांचा निरोप समारंभ आहे हे त्यांना सोडून डोंबिवलीत सर्वांना माहीत होतं.

चूक माझी आहे. मी कट्ट्याची चिटणीस. सूचना मंगळवारी मी आपल्या हिरव्या ग्रुपवर टाकली. हिरवा म्हणजे ज्यावर आपण सगळे असतो तो. बाळसाहेब त्यात आले गुरुवारी, आणि नंतर आलेल्या माणसाला आधीचं काही दिसत नाही. मला वाटलं, त्यांनी वाचलं. साकेतला वाटलं, हेमाकाकू, म्हणजे मी, सांगतील. सत्तावन्न जणांनी त्या सूचनेखाली हात जोडले आणि ज्याच्यासाठी जोडले तो माणूस पिशवी घेऊन अंबाडी निवडत होता.

तर अशा माणसाविषयी बोलायचं आहे.

नव्या सभासदांसाठी सांगते. बाळसाहेब चौतीस वर्षं ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. बिघडलेली लाइन तपासायची तर ती कानाला लावावी लागते. कधी कधी त्या लाइनवर माणसं बोलत असतात. एकविसाव्या वर्षी ते कामाला लागले तेव्हा त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली, लाइनवर कोणी बोलत असलं की कान काढून घ्यायचा, एक वाक्यसुद्धा पुरं ऐकायचं नाही. दुसरी, तपासणीसाठीसुद्धा सकाळी आठच्या आधी कोणाच्या घरची घंटा वाजवायची नाही. त्या वेळी फोन वाजला की घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. बाळसाहेबांनी नोकरीत बाकी काय काय केलं ते मला कळत नाही. या दोन गोष्टी मात्र त्यांनी घरी आणल्या आणि निवृत्तीनंतरही सोडल्या नाहीत.

आता जे सांगणार आहे त्याची परवानगी मी मघाशी चहाच्या वेळी घेतली. म्हटलं, बाळसाहेब, नीरजावहिनींचं सांगू का? ते म्हणाले, "हेमाताई, तुम्ही विचारलंत ना? मग सांगा."

नीरजावहिनी आपल्या कट्ट्याच्या सभासद होत्या, हे बहुतेकांना आठवत असेल. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला कट्ट्याचा संगणक तेव्हा मोठ्या पडद्याला जोडलेला असे. एका शनिवारी मी त्यावर एक लेख उघडला आणि लेखाच्या चारी बाजूंना जाहिराती आल्या. बायकांचे केसांचे टोप. कुरळे, सरळ, खांद्यापर्यंतचे. मी जरा जाहिराती पुढे सरकवल्या तर आणखी टोप. सगळा हॉल हसायला लागला. आणि मी, शाळेत सत्तावीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, माईकवर म्हणाले, "कोणाला नाटकात काम मिळालंय ते कबूल करून टाका."

तुम्ही हसलात. सुदेशराव, तुम्हीही हसलात. नीरजावहिनीसुद्धा हसल्या.

वाचन संपल्यावर त्या चपला घालता घालता मला म्हणाल्या, "हेमा, ते माझं होतं. बुधवारी इथे कोणी नव्हतं तेव्हा मी बघून गेले. घरच्या फोनवर बघितलं असतं तर ह्यांना कळलं असतं मी किती घाबरलेय ते." त्यांच्या कर्करोगाचं निदान होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. साकेतलाही सांगितलेलं नव्हतं. दिवाळी झाली की सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं.

मी त्यांचा हात धरला. त्याच मला म्हणाल्या, जाऊ दे गं, तुला काय ठाऊक.

पुढच्या सोमवारी बाळसाहेब कट्ट्यावर आले आणि तो संगणक उघडून बसले. आपल्याला वाटलं, निवृत्त माणसाला उद्योग हवा. त्यांनी त्यातलं सगळं पुसलं, फुकट मिळणारी दुसरी प्रणाली घातली, शोधाशोध करायला दुसरं पान आणलं जे म्हणे कोणी काय शोधलं ते लिहून ठेवत नाही. मग आपले फोन. एकेकाला शेजारी बसवून, चष्मा कपाळावर चढवून, "हे अ‍ॅप तुमचा पत्ता का विचारतंय? विजेरी लावायला पत्ता कशाला हवा?" नकाशासुद्धा बदलला. त्या नव्या नकाशात ठाण्याला टेंभी नाका होता, पण आपल्या डोंबिवलीच्या गल्ल्या कोऱ्या होत्या. तर हे गृहस्थ चार महिने पायी फिरून एकेक नाव भरत बसले. आपल्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी आज त्या नकाशात आहे ती यांच्यामुळे. गिरणीवाल्याला अजून माहीत नाही.

आपण त्यांची चेष्टा पुष्कळ केली. सुदेशरावांचा हयातीचा दाखला त्या नव्या संगणकावरून निघेना तेव्हा ते म्हणाले होते, "बाळ्या, तुझ्या पायी मला सरकार मेलेलं समजेल." बाळसाहेबही हसले होते. हे सगळं ते कशासाठी करताहेत ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं. मीही सांगितलं नाही.

मग आलं निळं अ‍ॅप. हिरव्याऐवजी निळं. त्यात आपलं बोलणं आपल्यातच राहतं, तिसऱ्याचा कान नाही. बाळसाहेबांनी त्यावर कट्ट्याचा ग्रुप काढला आणि आपण एकतीस जण त्यात गेलो. टाळ्या वाजवून गेलो, फोटो आहे. नीरजावहिनी तेव्हा होत्या. आजारपणात त्या त्या ग्रुपवर एकेक कविता वाचून पाठवायच्या, दम लागला की मध्येच थांबायच्या.

त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. आणि ग्रुप कसा रिकामा झाला, ते आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्यापुरतं ठाऊक आहे. कोणी भांडून गेलं नाही. कोणाची मुलगी परदेशात, ती हिरव्यावर. कोणाच्या इमारतीचं पाणी कधी जाणार ते हिरव्यावर. रंगूबाईंनी निदान तोंडावर सांगितलं, "काका, माजी नात तिथंच हाय. इथं येऊन मी कोनाशी बोलू?" बाळसाहेब म्हणाले, बरोबर आहे तुमचं. खरंच बरोबर होतं. ज्या गावात आपलं माणूस नाही तिथे घर चांगलं आहे म्हणून कोण राहायला जातं?

एकतीसचे वीस झाले, वीसचे सहा. गेल्या वर्षी आम्ही दोघंच उरलो, बाळसाहेब आणि मी. रोज सकाळी सहाला ते लिहायचे, "आज वारा आहे," किंवा "गिरणी बंद आहे." मी उत्तर द्यायची. माझी इमारत त्यांच्या शेजारची. वारा मलाही दिसत असे.

या श्रावणात माझा फोन भरला. कशाने? फुलांच्या सुप्रभातांनी. माझी नात ऋतिका आली होती, ती भराभर नको ते काढत होती. मला म्हणाली, "आजी, ह्या निळ्या अ‍ॅपवर तर दोनच जण आहेत. काढू ना?" मी कणीक मळत होते. मी म्हटलं, काढ.

डॉ. रुचिता, पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण इथे बहुतेकांना माहीत नाही. त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी सव्वासहाला बाळसाहेब न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड मोडलं. फोन खिशात होता. त्यांनी मला निळ्यावर लिहिलं, "घसरलो आहे. सवड झाली की या. घाई नाही." मी सहाला फोन बघते हे त्यांना माहीत होतं. निरोप गेला, पोचला नाही; दहा दिवस त्यांचे सकाळचे निरोपही पोचत नव्हते. पोचला नाही की खूण एकच राहते, आणि एका खुणेचा अर्थ त्यांच्याइतका डोंबिवलीत कोणाला कळत नसेल. तरी ते तिथेच, ओल्या फरशीवर, पडून राहिले.

आठ वाजता माझा फोन वाजला.

दारं फोडून आत गेलो तेव्हा मी त्यांच्यावर रागावले. म्हटलं, अहो, फोन का नाही केलात? ते पांढरेफटक पडले होते, आणि मला म्हणाले, "आठ वाजायचे होते, हेमाताई."

पावणेदोन तास. मी तेव्हा शेजारच्या इमारतीत चहा पीत होते, आणि हिरव्यावर कोणीतरी पाठवलेल्या गुलाबाला हात जोडत होते.

साकेत, तू बाबांना घेऊन चालला आहेस, ते योग्यच आहे. त्या दिवशी इस्पितळात तू मला म्हणालास, "काकू, मी सतत मीटिंगमध्ये असतो, पण निदान एका छताखाली तरी." तुला कोणी दोष देणार नाही. पण तुझ्या संकुलात फाटक अ‍ॅपवर उघडतं, लिफ्ट बंद पडली तर ते हिरव्यावर कळतं, डॉक्टरची वेळही हिरव्यावर मिळते. हे नसेल तर माणूस तेविसाव्या मजल्यावर जाऊन बसला काय आणि न बसला काय. बाळसाहेबांनी महिनाभर विचार केला. आणि या गुरुवारी काठी टेकत माझ्याकडे आले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घालून द्या. मला जमेल, पण माझ्या हाताने नको."

मी घालायला घेतलं. ते शेजारच्या खुर्चीत. फोनने विचारलं, कॅमेरा वापरू का? बाळसाहेब म्हणाले, "हे का हवं त्यांना?" मी होकार दाबला. माईक? होकार. तुम्ही कुठे आहात ते? होकार. प्रत्येक वेळी ते तेवढंच विचारायचे, हळू आवाजात, "हे का हवं?" दोन वेळा मी नकार दाबून पाहिला. फाटकाचं अ‍ॅप पुढेच सरकेना. मघाशी मी त्यांना वहिनींबद्दल विचारलं, तेव्हा ते नाही म्हणू शकत होते. हा फोनही विचारतो, पण त्याला नाही म्हणून बघा.

शेवटी हिरव्याने त्यांची नावांची यादी मागितली. मी दिली. लगेच यादी उघडली, ओळखीची माणसं, प्रत्येकाचा छोटा गोल फोटो. खाली सरकवता सरकवता 'नीरजा' आलं.

फोटोत एक नवं जोडपं होतं. मुंडावळ्या बांधलेलं, हसणारं. वहिनींचा नंबर बंद झाला होता, तो कंपनीने कोणाला तरी दिला असणार. बाळसाहेब इतके दिवस हिरव्यावर नव्हते, त्यांना हे कुठून दिसणार? ते बघत राहिले. मी फोन ओढून घ्यायला हवा होता, मला तेही सुचलं नाही. मग ते म्हणाले, "आम्हीही द्यायचो. सहा महिने रिकामा ठेवायचा आणि मग द्यायचा." आणि थोड्या वेळाने, मुलांना सांगावं तसं मला म्हणाले, "लाइनवर दुसरी माणसं आहेत, हेमाताई. ठेवा आता."

मी फोन उलटा ठेवला. नाव काढू का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

अध्यक्षमहोदय, मला दिलेली वेळ केव्हाच संपली आहे. सत्काराच्या भाषणात माणसाच्या कामाचं फळ सांगायचं असतं. यांच्या कामाचं फळ काय सांगू? संगणक आपण पुन्हा पूर्वीसारखा करून घेतला. ग्रुप रिकामा. एकतिसातले आम्ही दोघं सोडले तर तिथे कोणी नाही. नकाशात एक गिरणी आहे. एवढंच शिल्लक आहे, आणि मी काही केल्याने यात बदल होईल असं मला खरंच वाटत नाही. मी निळं अ‍ॅप परत घेतलं, हाड मोडलं त्याच दिवशी संध्याकाळी. ते दाखवायला मी इस्पितळात गेले तेव्हा त्यांनी "छान" म्हटलं.

हॉल वेळेवर उघडून देणाऱ्यांचे, चहा करणाऱ्यांचे, डॉक्टरांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या ओघात कोणाला लागेल असं काही गेलं असेल तर ते आपण पोटात घालावं. टोपांच्या विनोदाची माफी ज्यांच्याकडे मागायची त्या नाहीत, म्हणून ती इथेच ठेवते.

बाळसाहेब, तुमच्याकडे माफी मागत नाही. तुम्ही ती केव्हाच देऊन टाकली आहे, आणि त्याचा मला काही उपयोग होत नाही. एकच विनंती आहे. घोडबंदर रोड लांब आहे, तिथली वाहतूक सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही बोलावलंत तरी मी वेळेवर पोचणार नाही. पण तिकडे कधी पडलात, किंवा नुसतं वाटलं, तर लिहीत बसू नका. फोन करा. पाच वाजले असोत, साडेपाच असोत. माझ्या पोटात गोळा आला तर येऊ दे.

आठची वाट बघू नका. वाजवा. मी उचलीन.