व्रेनेली अन् माझे सासरे

तुम्हाले तर माहीतच आहे, दोन महायुद्धांच्या मधली युरोपातली सोन्याची नाणी जमवायचा मले नाद. त्यात स्वित्झर्लंडचं एक नाणं आहे, त्यावर वेणी घातलेली पोरगी. त्या नाण्याले व्रेनेली म्हणतात. गांधीबागेतल्या दोस्तानं ते मिळवून दिलं, अन् मी खुशीत त्याले फोन लावला. “काय सुंदर आहे गा व्रेनेली! सकाळपासून तिलेच पाहून राहिलो. पण बायकोले सांगू नको.”

बायको मागंच उभी!

दुसऱ्या दिवशी नरखेडहून सासू-सासरे हजर. सासूबाईंले ऑटोवाल्यापाशीच सोडून सासरे तणतणत आत आले.

“जावईबापू, कोण आहे ही व्रेनेली?”

मी पळत जाऊन नाणं आणलं अन् त्यांच्या हातावर ठेवलं. “हेच आहे, बाबा.”

त्यांनी चष्मा लावला. “सोन्याची?”

“अस्सल.”

बायको हसून हसून भिंतीले टेकली. सासऱ्यांचा राग कुठच्या कुठं पळाला. नाणं तळहातावर तोलत ते मोठ्यानं म्हणाले, “मस्त आहे पोरगी! हिची एखादी बहीण असन, तर माझ्यासाठी बी पाहा!”

तेवढ्यात संत्र्यांची थैली घेऊन सासूबाई दारात पोहोचल्या.