अरादची शिळा

यरुशलेमच्या मंदिराबाहेर होमाची कोकरं घेऊन आम्ही रांगेत उभे होतो. माझ्यापुढे अरादहून आलेलं एक म्हातारं जोडपं बोलत होतं.

"अहो, इथून तर नुसता धूरच दिसतो."

"त्या धुरातच परमेश्वर आहे म्हणतात, हग्गीथ."

"म्हणतात ना? आपल्या गावच्या देवळात उंबऱ्यावरूनच दिसायचा. शिळेत समोर उभा असायचा."

"हळू बोल. राजाचा हुकूम आहे, गावोगावची देवळं बंद. देऊळ एकच, ते इथलं."

"शिळा होती तेव्हा मीच गेले नाही. लेक वारली आणि मी देवावर रुसून बसले. म्हटलं, वर्षभर तुझं तोंड बघणार नाही. मला काय ठाऊक, तेवढ्यात त्यालाच पुरतील!"

"रडू नकोस. लोक बघताहेत."

"फोडली का हो शिळा?"

"नाही गं. आम्ही चौघांनी हळूच आडवी केली आणि वर माती लोटली."

"तुम्ही होतात तिथं? मला कधी बोलला नाहीत!"

"काय सांगणार होतो तुला?"

"बरं, त्याचं तोंड आभाळाकडे ठेवलंत ना?"

"ठाऊक नाही. मी डोळे मिटून घेतले होते."