तात्यांच्या म्हशीची ओढणी

हसू नका, पण मला अभ्यासानं बुडवलं. नात बारामतीला बँकेच्या परीक्षेचा क्लास करते. तिला चुकीची वाक्यं दुरुस्त करायचा सराव हवा होता. मग मी चौथी नापास गुरुजी झालो आणि लिहून दिलं, ‘शिंगांना गुलाबी ओढणी बांधून तात्यांची म्हैस गावभर फिरली.’

तेवढ्यात शेजारचे तात्या चहाला टपकले. त्यांची म्हैस खरंच तशी फिरली होती आणि हा उद्योग कुणाचा, ते आठ दिवस शोधत होते.

नात म्हणाली, “आबा, म्हशीनं सोताच ओढणी बांधली व्हय? बांधणारा कुठं हाय?”

“राहू दे की गं!”

“मार्क जात्यात.” आणि तिनं ठसक्यात वाचलं, “आबांनी शिंगांना माझी ओढणी बांधल्यावर तात्यांची म्हैस गावभर फिरली.”

तात्यांनी कप खाली ठेवला. “पोरीला पैकीच्या पैकी. उठा आबा, तुमचा पेपर गोठ्यात तपासतो.”