शिडी

त्रोदोस डोंगराच्या उतारावर वणवा पेटला आणि आमचं गाव बसमध्ये कोंबलं गेलं. माझ्या पुढच्या बाकावर देस्पिनू आणि तिची भावजय मिरोफोरा बसल्या होत्या. कान माझे अजून शाबूत आहेत.

"मिरोफोरे, आमचा लोईझोस कुठाय?"

"घरात नव्हते, वन्सं. आंद्रोसच्या ट्रकमधून पुढं गेले असतील."

"अख्ख्या वर्षाच्या गोड वाइनची द्राक्षं गच्चीवर वाळताहेत, ती टाकून? तो?"

"म्हणून तर धूर दिसताच मी शिडी काढून लपवली. एकदा वर चढले की उतरायचे नाहीत."

"हाका मारल्यास?"

"घसा फुटेस्तोवर. पण ह्यांना ऐकू कुठं येतं!"

"अगं, आंद्रोसचा ट्रक तर हा मागून येतोय. एकटाच आहे तो."

"मग हे कुठं गेले?"

"शिडी काढलीस तेव्हा ती गच्चीला लावलेली होती का?"

"होती."

"आणि दुपारचा तो झोपतो कुठं?"

"वरतीच... द्राक्षांपाशी."

"गाडी थांबवा!"

हे त्या ओरडल्या की मी, कोण जाणे. मागच्या काचेतून गाव दिसतच नव्हतं, नुसता धूर होता.