न कळण्याचा सराव

काकू : सगळीकडे ड?

भिंगरी : सगळीकडे नाही. शेवटून दुसऱ्याला ब केलंय.

काकू : त्याला का ब?

भिंगरी : खाली खाली नुसतं ड दिसायला लागलं. म्हटलं, तपासणाऱ्याला संशय यायचा.

काकू : अहो, ऐकताय ना? तुमची विद्यार्थिनी. पंचवीस वाक्यं दिलीत. चूक कुठल्या भागात आहे ते सांगायचं, अ, ब की क. चूकच नसेल तर ड. आणि ही बाई चोवीस वेळा सांगते की चूक नाही.

सर : ब... ब पण... चूक.

भिंगरी : ते म्हणतात, तो ब पण चुकलाय.

काकू : तेवढं कळलं मला. आण तो कागद इकडे. 'मी आणि माझा भाऊ काल बाजारात गेला.' तुझ्या कानाला काही खटकलं नाही यात?

भिंगरी : दोघं भाऊ काल बाजारात गेले. कळलं की.

काकू : कळलं का ते नाही विचारलेलं. बरोबर आहे का ते विचारलंय.

भिंगरी : पण काकू, कळलं तर मग चूक कसली? मी दिवसभर याहून कितीतरी मोडकं ऐकते. आज सकाळी सर म्हणाले, 'कपाट... निळा... थंड.' मी निळा स्वेटर काढून त्यांच्या अंगात घातला. त्यातली चूक शोधत बसले असते तर हे कुडकुडले असते.

सर : स्वेटर... छान.

काकू : ही सगळी तुमची करणी आहे. जन्मभर शाळेत भाषा शिकवलीत. लाल पेनानं पोरांच्या वह्या रक्तबंबाळ केल्यात. आणि झटका आल्यावर घरी बसून तुमची देखभाल करायला आलेल्या एका चांगल्या मुलीची भाषा बिघडवलीत.

सर : हो.

काकू : हो काय?

सर : हो... खरं.

काकू : बघ. उजवा हात गेला, निम्मं बोलणं गेलं, खोडसाळपणाला मात्र धक्का लागला नाही.

भिंगरी : मला खरंच दिसत नाही हो चूक. विज्ञानाचं सगळं येतं. आकृत्या येतात, तर्काचे प्रश्न येतात. पण वाक्य वाचलं की मन लगेच पुढे जातं, याला काय हवंय, कशाला म्हणतोय. मागं वळून प्रत्यय कोण बघणार?

काकू : प्रवेशपरीक्षा घेणारे बघणार. रविवार उजाडला की घोडामैदान आहे. भाषेत कमी पडलीस तर बाकीचे मार्क धरतच नाहीत, असं तूच म्हणालीस ना?

भिंगरी : हो. नाही झाले पास तर नाही झाले. इथे आहेच की मी.

सर : नाही.

भिंगरी : काठी नका आपटू सर, खालचे काका येतील वर.

सर : नाही. तू... जाणार. शिकणार.

काकू : एक विचारू? तू हे मुद्दाम करतेस का?

भिंगरी : काय?

काकू : ड, ड, ड.

भिंगरी : मुद्दाम कशाला करीन? बारावीनंतर कामाला लागले तेव्हापासून मला पुढं शिकायचंय. सरांच्या थेरपिस्ट बाईंनी अर्ज दिला, त्या रात्री मला झोप आली नाही. बोलणं गेलेल्या माणसाला परत बोलतं करायचं, याचं शिक्षण असतं हेच मला माहीत नव्हतं.

काकू : ते मला माहितीये. पण प्रवेश मिळाला की वसतिगृहात राहायचं, चार वर्षं. मग इथे कोण, हे तुझ्या मनात आलं नसेल असं मला नाही वाटत. कारण माझ्या आलं.

भिंगरी : काकू...

काकू : बोलू दे. परवा भांडी विसळत होते, आणि मनात आलं, हिला नको मिळू दे प्रवेश. आपलं आलं. लाज वाटली माझी मला, पण आलं खरं.

भिंगरी : तुम्ही असं बोलल्यावर मी जाऊ कशी?

काकू : म्हणूनच बोलले. पोटात ठेवलं असतं तर तू ओळखलंच असतंस आणि गुपचूप पेपर कोरा देऊन आली असतीस. तुला न बोललेलंसुद्धा कळतं. तोच तर तुझा रोग आहे.

सर : खेळ.

काकू : काय म्हणाले?

सर : खेळ... करू. तू... नाही... कळत.

भिंगरी : मला तुमचं काही कळत नाही असं समजायचं?

सर : चूक. कळलं... तुला.

काकू : मला नाही कळलं काही. कुणीतरी सांगा.

भिंगरी : ते त्यांच्या पद्धतीनं बोलणार. मी कळलं तरी उठायचं नाही, काही करायचं नाही. त्यात काय चुकलं, काय राहिलं, ते आधी सांगायचं. त्यांनी पुरं वाक्य म्हटलं की मगच हलायचं. असंच ना सर?

सर : शाबास.

भिंगरी : थेरपिस्ट बाईसुद्धा हेच सांगून गेल्या होत्या. त्यांची वाक्यं तुम्ही पुरी करू नका, त्यांना करू द्या. मला वाटलं, ते घरच्यांना सांगतायत.

काकू : मग तू कोण आहेस, बाहेरची? आणि आम्ही घरचे कुठे करतो पुरी? आम्हाला कळतच नाहीत. चला, करा सुरू.

सर : ऊन... डोळे.

काकू : बस खाली.

भिंगरी : मी कुठे उठले?

काकू : पडद्याकडे हात गेलाय तुझा. भिंगरी नाव उगाच नाही ठेवलं मी. बस.

भिंगरी : अहो, त्यांच्या डोळ्यांवर येतंय ऊन.

काकू : येऊ दे. उन्हानं कुणी विरघळत नाही.

भिंगरी : काय म्हणालात सर? मला... मला नाही कळलं. काकू, मला नाही हे जमत. डोळे बारीक केलेत बघा त्यांनी.

सर : जमेल. ऊन... डोळे... येतो.

भिंगरी : येतो नाही. ऊन येतं. आणि नुसतं डोळे नाही. डोळ्यांवर.

सर : डोळे... वर.

भिंगरी : डोळ्यांवर.

सर : डोळ्यां...वर. ऊन... येतं.

भिंगरी : कुणाच्या डोळ्यांवर?

सर : तुझ्या आजोबांच्या.

काकू : घ्या. चिडल्यावर कसे सगळे प्रत्यय जागच्या जागी लागले.

भिंगरी : खरंच की. अडखळलेसुद्धा नाहीत. सर, आता न चिडता.

सर : माझ्या... डोळ्यांवर... ऊन... येतं.

काकू : ओढ तो पडदा. ओढ लवकर, तुझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलंय.

भिंगरी : चार शब्द सलग बोलले ते. किती दिवसांनी. मी आधीच उठले असते तर बोललेच नसते.

काकू : तुझ्या चांगुलपणानं एवढं वाटोळं होत होतं बघ आमचं. आता कागदावर ये. 'तिने सर्व पत्रे वाचले.'

भिंगरी : तिनं सगळी पत्रं... ड.

काकू : पालथ्या घड्यावर पाणी.

भिंगरी : काकू, सर समोर असले की मला जमतं. हे वाक्य कोण बोललं तेच माहीत नाही. बिचारं कुणीतरी आपलं सांगतंय, तिनं पत्रं वाचली म्हणून. त्याच्यावर काय काठी आपटायची?

काकू : बिचारं वाटतंय तुला? मग एक कर. हे वाक्य तुझ्या घरमालकाच्या तोंडचं आहे असं समज.

भिंगरी : नळ दुरुस्त करून देतो म्हणून वर्षभर टोलवतोय, त्याच्या?

काकू : त्याच्याच.

भिंगरी : 'तिने सर्व पत्रे वाचले.' वाचले काय वाचले? पत्रं वाचली. साधं बोलता येत नाही मेल्याला.

सर : क. बरोबर.

काकू : लागली गाडी रुळाला. पुढचं. 'प्रत्येक रहिवाशांनी आपल्या दारासमोरची जागा स्वच्छ ठेवावी.'

भिंगरी : हे तर तो खरंच म्हणतो. जिन्यात उभा राहून. प्रत्येक म्हणतोस तर मग एकच की रे. प्रत्येक रहिवाशाने. आणि आधी तू स्वतः ठेव स्वच्छ.

सर : उत्तम.

काकू : 'पाऊस थांबला आणि मुले मैदानावर खेळायला गेली.'

भिंगरी : ब.

काकू : ब मध्ये काय चुकलं?

भिंगरी : मैदानावर कुठली गेली? तिथे त्यानं गाड्या लावायला दिल्यात. खोटारडा आहे तो.

काकू : अगं, माणूस खोटा असेल. वाक्य बरोबर आहे.

भिंगरी : म्हणजे आता ड?

काकू : आता ड. इतका वेळ खऱ्याला ड, खोट्याला ड, आणि नेमकं द्यायच्या वेळी नाही.

सर : राग... कमी. थोडा... कमी.

भिंगरी : घरमालकावरचा राग थोडा कमी कर, असं... नाही. थांबा. मला नाही कळलं सर. कुणाचा राग?

सर : तुझा... राग... कमी... कर.

भिंगरी : हे पुरं झालं. करते कमी.

काकू : मला एक सांग, तिथे परीक्षेला बसल्यावर पुटपुटू नकोस हं घरमालकाला. बाहेर काढतील.

भिंगरी : मनातल्या मनात देईन शिव्या. काकू, या कागदावरची उरलेली मी एकटी सोडवते. तुम्ही सांगू नका, सर, तुम्ही काठी हलवू नका.

काकू : सोडव. मी तोवर वाळलेले कपडे काढून आणते.

सर : टॉवेल... पण.

काकू : टॉवेल पण काय? काढायचा की राहू द्यायचा?

सर : राहू... दे. ओला.

काकू : हं. असं सांगा.

भिंगरी : झालं. बघा सर. डाव्या हातानं खुणा करा, घाई नाही.

सर : बरोबर. बरोबर. चूक. बरोबर... बरोबर.

भिंगरी : हे चुकलं? हो की. दिसलं मला आता. म्हणजे तुम्ही दाखवायच्या आधी नाही दिसलं, पण दाखवल्यावर लगेच दिसलं.

काकू : किती आली?

भिंगरी : मोजत नाही, दृष्ट लागेल. पण बरीच आली. पास होण्याइतकी आली, काकू.

काकू : मग तोंड का असं केलंस?

भिंगरी : काही नाही. आता खरंच जायला लागेल असं वाटलं.

काकू : लागेलच. आता घरी जा, अंधार पडायच्या आत. दुसरा कागद घेऊन जा, आणि उद्या येताना सोडवून आण. आणि हे बघ, इथे रडायचं नाही. रडायला बसलीस तर मीही बसेन, आणि मग स्वयंपाक कोण करणार?

भिंगरी : येते सर.

सर : ये. उद्या... लवकर... ये.

भिंगरी : काही राहिलं नाही यात. येते.

(दार लागतं. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू येईनाशी होतात.)

काकू : होईल हो ती पास.

सर : होईल.

काकू : हुशार आहे. नुसती मऊ आहे जरा. तुमच्यासारख्या खडूस माणसाजवळ राहून एवढी मऊ कशी राहिली कोण जाणे.

सर : तू... रडलीस.

काकू : कांदा चिरायला घेतलाय मी.

सर : कांदा... कुठे?

काकू : चिरणार आहे. अहो, मी खरं सांगू का, मला घरकामाची धास्ती नाही. तुम्हाला उठवणं, बसवणं, ते सगळं मला येतं. दुसरी कुणी बाईही मिळेल. पण झटका आल्यापासून मी तुमच्याशी तिच्यामार्फत बोलतेय. तुम्ही काहीतरी म्हणता, मी तिच्या तोंडाकडे बघते. नवरा-बायकोत दुभाषी. आणि ती काय प्रामाणिक दुभाषी होती होय? तुम्ही 'म्हातारी... कटकट' म्हणालात की ती मला सांगायची, सर म्हणतात काकू दमल्या असतील.

सर : कळलं... तुला?

काकू : तेवढं कळायचं. शिव्या सगळ्या कळतात. बाकीचं निम्मं कळत नाही.

सर : आधी... पण... निम्मं.

काकू : आधी निम्मं कळायचं कारण निम्मं मी ऐकतच नव्हते. आता ऐकते तर कळत नाही. त्या दिवशी तुम्ही 'खाली, खाली' म्हणत होतात. मी उशी खाली केली, चादर खाली ओढली, खाट खाली करता येते का तेही बघितलं. शेवटी तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात. ती आल्यावर तिनं एका मिनिटात सांगितलं, खालच्या घरात कुणीतरी गात होतं, ते तुम्हाला मला ऐकवायचं होतं. तोवर गाणं संपलं होतं.

सर : परत... गाईल.

काकू : गाईल. पण रोज असंच झालं तर? तुम्ही सांगताय आणि मी उशा हलवतेय?

सर : तू... विचार. मी... परत... सांगेन.

काकू : आणि परत नाही कळलं तर?

सर : परत.

काकू : आणि मी वैतागले, तुम्ही वैतागलात, मध्ये बोलायला ती नाही. मग काय करायचं आपण दोघांनी?

सर : भांडू.