जुडीचं नाव

धुळ्याच्या स्टँडवर भुसावळ गाडी नेहमीसारखी बेपत्ता होती. माझ्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी एक तरुण बाई. तरुण बाईच्या पिशवीतून हिरव्या जुड्या डोकावत होत्या. आधी म्हातारी बोलली.

“काय शे व पिशवीत, पोरी?”

“सांभार आहे, अक्का. तुमच्या इकडे कोथमीर म्हणतात. आम्ही वरणगावचे.”

“वरणगाव! माझं माहेर व ते! पुन्हा म्हण बरं एकदा.”

“काय?”

“जुडीचं नाव.”

“सांभार. तुम्हीच म्हणा की!”

“लग्न झाल्यापासून तोंडातून काढलं नाही. सासऱ्याचं नाव तसंच होतं ना.”

“काय नाव?”

“सून सासऱ्याचं नाव घेते का कुठं? जुडीच्या नावातलं शेवटचं अक्षर काढ.”

“सांभा?”

“हळू बोल, बाई!”

“आहेत का ते अजून?”

“कधीच गेले.”

“मग मेलेल्या माणसानं तुमच्या तोंडाला कुलूप लावलंय काय?”

“माझी आई चुलीपासून मला हाक मारायची, ‘झुंबर, वरणावर टाकायला चार काड्या आण व!’ कशाच्या काड्या, तेही मोठ्यानं म्हणायची. सासरी मी माहेरचेच धने पेरले. वाससुद्धा तोच आला. पण तिच्यासारखं जुडीचं नाव घेऊन कुणी मागितलं नाही.”

“घ्या ही जुडी. आणि म्हणा आता. इथं कोण ऐकतंय?”

“म्हणते. थांब, आधी डोक्यावर पदर घेऊ दे.”