चिकटपट्टीखालची रेघ

सून : मला इस्त्री करायचीये, आई. तुम्ही चौघं बसा ना खेळायला.

सासू : रविवारच्या दुपारी उशीचे अभ्रे इस्त्री करतेस? कोण राजा झोपायला येणार आहे त्यांच्यावर? बाहेर सगळी खोळंबलीत. पट माझ्याच काखेत आहे, तू आल्याशिवाय मांडायची नाही मी.

सून : मला त्या लढाईच्या खेळात गती नाही.

सासू : गती नाही म्हणे. लग्न होऊन दोन महिने झाले नाहीत, आणि गेल्या रविवारी माझ्या बंदराच्या तोंडाशी फौज आणून उभी केलीस. तुझ्या थोरल्या दिराला आजवर जमलं नाही ते.

सून : आणली होती. परत न्यावी लागली.

सासू : मीच न्यायला लावली.

सून : नियमच आहे तो. मुलखाला मुलूख चिकटलेला असेल तरच फौज पुढं सरकते, मधे समुद्र असला तर पटावर छापलेली तुटक रेघ लागते. तुम्ही म्हणालात, बेटापासून बंदरापर्यंत रेघ दाखव. मला नाही दाखवता आली.

सासू : पुढं काय म्हणाले, तेही बोल.

सून : जाऊ दे, आई.

सासू : आठवडाभर तोंडात धरून बसलीयेस. टाक एकदाचं.

सून : "पाण्यावरून चालणारी सून मिळाली आम्हाला. माहेरी चालत असेल तसलं, इथं लबाडी चालत नाही." नणंदबाईंना हसून हसून ठसका लागला. आणि हे... हेही हसले.

सासू : त्याला अक्कल कधी होती. ती इस्त्री बंद कर आणि इकडं ये. ही घडी बघ. पट इथं फाटला होता, तेव्हा मीच ही खाकी चिकटपट्टी लावली. सकाळी नखानं उचलून ठेवलीये. खाली काय दिसतं?

सून : रेघ.

सासू : बेटापासून थेट बंदरापर्यंत. मला वाचायला धड येत नाही, पण रेघ कळते.

सून : मी पाहिली होती ही. पहिल्यांदा खेळलो, तेव्हा पट्टी नव्हती. पण सगळे नाही म्हणाल्यावर मला माझ्याच डोळ्यांची शंका यायला लागली.

सासू : डोळे धड आहेत तुझे. चल, सांगते सगळ्यांना. पट्टीनं घात केला म्हणून.

सून : पट्टीनं.

सासू : मग? रेघ तिच्याखाली गेली, त्याला कोण काय करणार?

सून : बरं. पट्टीनं म्हणा.

सासू : हा कुठला सूर काढलास?

सून : आई, सगळे हसत होते तेव्हा तुम्ही पटावर हात ठेवलात. बरोबर या घडीवर. डाव संपेपर्यंत उचलला नाहीत. चहासुद्धा डाव्या हातानं प्यालात.

सासू : पाहिलंस होय ते.

सून : पाहिलं तेव्हाच. कळलं आत्ता.

सासू : हसता हसताच आठवलं मला. थांबा रे, पट्टी मी लावलीये, इतकं जिभेवर आलं होतं. पण लेकासुनांसमोर एवढं तोंड टाकल्यावर ते गिळायचं कसं? म्हटलं, खेळच आहे, विसरेल पोरगी. आणि तू दुसऱ्या दिवशी जेवताना मलाच विचारतेस, आई, गोळी घेतलीत का? तू भांडली असतीस तर बरं झालं असतं.

सून : भांडायला खात्री लागते.

सासू : ती मी हाताखाली दाबून बसले होते.

सून : मग बाहेर काय सांगणार आहात?

सासू : पट्टी मी लावली, आणि मला ते आठवलं होतं. तुझ्या माहेराचं काढलं, तेही सगळ्यांसमोर परत घेते.

सून : आणि तेव्हाच का नाही बोललात, असं कुणी विचारलं तर?

सासू : तर तेही सांगेन. तू जिंकत होतीस म्हणून.